गाविलगडाच्या नावाचं पदक: ओळख, जतन आणि विक्रीला खर्च किती?

दिवाळीच्या तोंडावर परतवाड्याच्या सराफा दुकानांत मोड घालणाऱ्यांची गर्दी असते. कुणाच्या तुटक्या तोरड्या, कुणाची झिजलेली जोडवी, कुणाचा करंडा. अशाच एका सकाळी मी एका दुकानात बसलो होतो. सत्तरी ओलांडलेल्या एका आबाजींनी रुमालाची गाठ सोडली आणि काट्यावर काळवंडलेला गोल बिल्ला ठेवला.

"मोडीत टाकाचा हाय का, आबाजी?" सराफानं विचारलं.

"भाव तं सांगा आधी."

सराफानं वजन केलं. मग बिल्ला उजेडात तिरपा धरला, कडेवरून अंगठा फिरवला आणि तो परत रुमालावर ठेवला. "याच्या कडेवर नाव हाय. हे मी गाळत नाही. घरी न्या, पोराले दाखवा."

कडेवर नंबर होता, हुद्दा होता, नाव होतं, पलटण होती. नाव आबाजींच्या आजोबांचं. पदक पहिल्या महायुद्धातलं. सराफानं तेवढी कड पाहिली नसती, तर त्या घराचा शंभर वर्षांचा पुरावा मुशीत जाऊन त्याच्या तोरड्या झाल्या असत्या.

असे रुमाल वऱ्हाडात अजून बऱ्याच घरांत आहेत. शिवाय आपल्या भागाचा एक मान वेगळा आहे. नेपोलियनच्या काळातल्या लढायांसाठी इंग्रजांनी जी पदकं दिली, त्यातल्या एका पदकाच्या पट्टीवर चक्क आपल्या गाविलगडाचं नाव आहे. असं काही हाती आलं तर ते कसं ओळखायचं, कुठं किती खर्च येतो, कुठं एक रुपयाही घालवायचा नाही आणि कायदा काय सांगतो, हे सगळं इथं क्रमानं मांडलं आहे.

आधी थोडक्यात हिशेब

खालचे आकडे आपल्याकडच्या नेहमीच्या बाजारभावावरचे अंदाज आहेत. दुकानागणिक थोडाफार फरक पडेल.

• कड वाचणं, फोटो काढणं, माहिती शोधणं: ० रुपये.
• सराफाकडे वजन: बहुतेक ठिकाणी फुकट.
• मशिनवर टंच: ५० ते २०० रुपये.
• दहापट मोठं दाखवणारं भिंग: २०० ते ५०० रुपये.
• पाकीट, सिलिका जेल, सुती हातमोजे, डबी: मिळून ३०० ते ८०० रुपये.
• नागपूरला जाऊन जाणकाराला दाखवणं: साध्या एसटीनं एका बाजूचे साडेतीनशे ते चारशे रुपये.
• बँकेचं लहान लॉकर: भाडं १,५०० रुपये असेल तर १८ टक्के जीएसटी धरून वर्षाला १,७७० रुपये.
• पॉलिश, डाग, नवी कडी, चौकटीत चिकटवणं: यावर खर्च करायचाच नाही.

गाविलगडाचं पदक म्हणजे नेमकं कोणतं?

१८०३ साली दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांच्या फौजा वऱ्हाडात उतरल्या. २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यात अडगावची लढाई झाली. अडगावच्या जखमींसाठी वेलस्लीनं एलिचपुरात, म्हणजे आजच्या अचलपुरात, दवाखाना उभारला आणि ७ डिसेंबरला फौजा गडाकडे निघाल्या. स्टीव्हन्सनच्या तुकडीनं डोंगरातून वाट काढत १२ तारखेपर्यंत तोफा गडाच्या उत्तरेला नेल्या. १५ डिसेंबर १८०३ ला गाविलगड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता कामी आला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी देवगावचा तह केला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८ जून १८१५ ला वॉटर्लूला त्यानं नेपोलियनचा पराभव केला.

या लढाईचं पदक मात्र लगेच मिळालं नाही. ईस्ट इंडिया कंपनीचं 'आर्मी ऑफ इंडिया मेडल' जाहीर झालं ते १८५१ साली, गड पडल्यावर तब्बल ४८ वर्षांनी. १८०३ मध्ये वीस वर्षांचा असलेला शिपाई तोवर अडुसष्ट वर्षांचा झालेला. तेव्हा जो हयात होता आणि ज्यानं मागणी केली, त्यालाच पदक मिळालं. म्हणून एकूण पदकं सुमारे साडेचार हजारच निघाली. भोसल्यांच्या बाजूनं तटावर उभ्या राहिलेल्या माणसाला असलं काही मिळण्याचा प्रश्नच नव्हता. ही गोष्ट मनात ठेवूनच हे पदक हातात घ्यावं.

ओळखीच्या खुणा अशा. पदक चांदीचं, व्यास ३६ मिलिमीटर. एका बाजूला राणी व्हिक्टोरियाचा मुखवटा. दुसऱ्या बाजूला ताडाच्या झाडाजवळ बसलेली विजयदेवता, वर 'टु दि आर्मी ऑफ इंडिया' ही अक्षरं आणि तळाशी १७९९ आणि १८२६ ही सालं. फीत फिकट निळी. फितीवर चांदीची आडवी पट्टी आणि तिच्यावर लढाईचं नाव. अशा पट्ट्या एकूण २१ प्रकारच्या आहेत आणि पट्टीशिवाय हे पदक कुणाला दिलंच गेलं नाही.

पट्टीवरचं स्पेलिंग जुन्या वळणाचं आहे. गाविलगडासाठी जी-ए-डब्ल्यू-आय-एल-जी-एच-यू-आर, अडगावसाठी ए-आर-जी-ए-यू-एम, असईसाठी ए-एस-एस-वाय-ई. खडकी, सीताबर्डी, नागपूर, कोरेगाव, महिदपूर यांच्याही पट्ट्या आहेत. इंटरनेटवर शोधताना आजचं स्पेलिंग घातलं तर हाती काही लागत नाही, हे लक्षात असू द्या.

आरमाराचं पदक असेल तर

नेपोलियनच्या काळात समुद्रावर लढलेल्यांसाठी वेगळं पदक आहे, 'नेव्हल जनरल सर्व्हिस मेडल'. ते १८४७ साली मंजूर झालं आणि त्यावर १७९३ ते १८४० असा काळ आहे. फीत पांढरी, कडांना गडद निळी. मागच्या बाजूला समुद्री घोड्यावर बसलेली ब्रिटानिया. लढायांच्या पट्ट्या दोनशे तीसहून जास्त आणि पदकं सुमारे एकवीस हजार. भूदलाचं जोडपदक 'मिलिटरी जनरल सर्व्हिस मेडल', काळ १७९३ ते १८१४, पट्ट्या २९, फीत किरमिजी आणि कडा निळ्या.

आरमाराच्या पदकात एक अडचण आहे. कडेवर माणसाचं नाव असतं, अधिकारी असेल तर हुद्दाही असतो, पण जहाजाचं नाव नसतं. एकाच नावाचे तीन-चार खलाशी निघाले की पदक कुणाचं, हे पट्टी आणि पदकाची मूळ यादी ताडल्याशिवाय ठरत नाही. अधिकाऱ्याचं नाव असेल तर काम सोपं. विल्यम ओबर्नचा आरमारी चरित्रकोश १८४९ साली निघाला. त्यात तेव्हाच्या अधिकाऱ्यांची कारकीर्द कोणत्या जहाजावर, कोणत्या साली, कोणत्या लढाईत अशी तपशिलानं दिली आहे. तो इंटरनेटवर फुकट वाचता येतो.

कारकीर्द आणि पदक जुळवून पाहणं का गरजेचं आहे, हे एका उदाहरणावरून कळेल. कॅप्टन फ्रेडरिक मॅरियट हा पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेला आरमारी अधिकारी. १८०६ साली तो लॉर्ड कॉक्रनच्या जहाजावर दाखल झाला आणि नेपोलियनशी झालेल्या युद्धातच मोठा झाला. १८२४ मध्ये पहिल्या ब्रह्मी युद्धात 'लार्न' या जहाजाचा कप्तान म्हणून तो रंगूनला होता. त्या युद्धासाठी 'आर्मी ऑफ इंडिया' पदकावर 'आवा' नावाची पट्टी आहे आणि ती आरमाराच्या माणसांनाही दिली गेली. पण मॅरियट ऑगस्ट १८४८ मध्ये वारला आणि हे पदक निघालं १८५१ मध्ये. उद्या कुणी त्याच्या नावाचं 'आवा' पट्टीचं पदक घेऊन आलं, तर ते पदक कुणीतरी बनवलेलं आहे, हे दोन तारखांवरून कळतं. या तपासाला खर्च शून्य.

घरात बहुधा काय निघतं?

आपल्या घरांतून १८०३ चं पदक निघण्यापेक्षा पहिल्या महायुद्धाचं निघण्याची शक्यता कितीतरी जास्त. 'ब्रिटिश वॉर मेडल' चांदीचं, तेही ३६ मिलिमीटरचं. एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार आणि १९१४, १९१८ ही सालं. पलटणीबरोबर गेलेल्या मजूर आणि कामकरी माणसांना हेच पदक काशाचं मिळालं. जोडीचं 'व्हिक्टरी मेडल' काशाचंच, पंखवाल्या विजयदेवतेचं, इंद्रधनुषी फितीचं.

काशाचं निघालं म्हणून टाकून देऊ नका. मजुरांची पदकं घरोघर भंगारात गेली. ज्या घरात एखादं उरलं, तिथं बसरा किंवा फ्रान्सला गेलेल्या एका साध्या माणसाचा तोच एक लेखी दाखला असतो.

पहिली पायरी: कड वाचा. खर्च शून्य

सकाळच्या उन्हात, खिडकीशी बसा. खाली मऊ धोतराचा तुकडा किंवा पंचा अंथरा. पदक बोटांच्या टोकांनी धरा आणि कड सावकाश फिरवा. अक्षरं बारीक असतात, त्यामुळे उजेड समोरून न येता बाजूनं यायला हवा. मोबाइलनं दोन्ही बाजूंचे, पट्टीचे आणि पूर्ण कडेचे सहा ते आठ फोटो घ्या. एका फोटोत शेजारी मोजपट्टी ठेवा.

मग एका कागदावर लिहा: कडेवरची अक्षरं जशीच्या तशी, पदक कुणाकडून कुणाकडे आलं, घरात काय सांगतात, आजची तारीख. घरातल्या सगळ्यांत वयस्क माणसाला विचारून घ्या आणि त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखं नाही, माणूस गेला की माहितीही जाते.

पुढचा शोधही फुकट होतो. लढायांसाठी अमरावती जिल्ह्याचं गॅझेटियर राज्य शासनाच्या संकेतस्थळावर आहे. कंपनीच्या फौजेचे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि ब्रिटिश सैन्य-आरमाराच्या पदकांच्या याद्या तिथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये. सूची घरबसल्या पाहता येते. प्रती मागवायच्या तर दर त्यांच्या संकेतस्थळावर आधी पाहा, मगच मागणी नोंदवा.

दुसरी पायरी: वजन आणि टंच

चांदी आहे की नाही, एवढंच कळायला हवं. मशिनवर टंच काढताना पदकाला ओरखडा येत नाही. कसोटीवर घासू देऊ नका, कानस लावू देऊ नका, हॉलमार्कचा शिक्का तर मुळीच मारून घेऊ नका. हॉलमार्क दागिन्यासाठी आहे. पदकावर नवी खूण उमटली की त्याचं मोल घसरतं.

आता मोडीचा हिशेब पाहा. समजा पदक ३० ग्रॅम भरलं आणि हिशेबापुरता चांदीचा भाव ग्रॅमला १०० रुपये धरला, तर शुद्ध चांदीचे ३,००० रुपये झाले. टंच ९२ आला तर २,७६०. त्यातून घट कापली की हातात अडीच हजारांच्या आसपास येतात. भाव दुप्पट धरला तरी पाच हजार. लंडनच्या लिलावांत 'आर्मी ऑफ इंडिया' पदकाला हजारो पौंड येतात. महायुद्धाच्या साध्या पदकाला तेवढं येत नाही, पण कडेवरचं नाव वाचणारा संग्राहक मोडीपेक्षा जास्तच देतो. म्हणून पदक मोडीत घालू नका. अगदीच नड असेल तर गहाण ठेवा, म्हणजे सोडवता तरी येतं.

तिसरी पायरी: खरं की बनावट?

कडेचं नाव घासून दुसरं कोरणं, साध्या पदकावर दुर्मीळ पट्टी चढवणं, हे प्रकार जगभर चालतात. तीन गोष्टी स्वतः तपासता येतात.

पहिली, कड. नावाच्या जागी कड बारीक किंवा खोलगट लागली, व्यास तिथं कमी भरला, तर नाव बदललेलं असू शकतं. प्लॅस्टिकचा व्हर्नियर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. चार ठिकाणी माप घ्या.

दुसरी, पलटण आणि पट्टी यांचा मेळ. गाविलगडावर चढाई करताना स्टीव्हन्सनच्या फौजेत ९४ वी पलटण, म्हणजे स्कॉच ब्रिगेड होती. तिच्या कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीनं शिड्या लावून आतला तट ओलांडला. ही पलटण अडगावला होती, असईला नव्हती. त्यामुळे ९४ व्या पलटणीच्या माणसाच्या पदकावर अडगाव आणि गाविलगड या दोन पट्ट्या शोभतात. तिसरी असईची दिसली, तर शंका घ्या.

तिसरी, वय. १८५१ ला तो माणूस हयात होता का? मॅरियटचं उदाहरण वर आलंच.

याच्या पुढं जाणकारच लागतो. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, आपल्या अजब बंगल्यात, आधी फोटो आणि पत्र पाठवून वेळ घ्या. १८६३ पासूनचं हे संग्रहालय आहे. परतवाड्याहून अमरावती सुमारे ५० किलोमीटर आणि तिथून नागपूर आणखी दीडशेच्या वर. एसटीत महिलांना निम्मं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं आणि ७५ च्या पुढच्यांना मोफत, म्हणजे आबाजींना सोबत नेणं परवडतं. पदकाची ओळख पटवण्यापुरतीच अपेक्षा ठेवा. बाजारातली किंमत लिहून देणं हे सरकारी संग्रहालयाचं काम नाही.

साफसफाई: इथं पैसे वाचवा

आमच्या एका नातलगाच्या घरी महायुद्धाचं चांदीचं पदक होतं. लग्नघरात आजोबांच्या फोटोला लावायचं म्हणून कुणीतरी ते एका दुकानात पॉलिशला दिलं. मशिनवर दोन मिनिटं फिरलं आणि आरशासारखं चमकून परत आलं. घरचे खूश. कड पाहिली तर नंबराचे शेवटचे दोन आकडे आणि आडनावाची पहिली अक्षरं पुसून गेलेली. मी भिंग लावून, उजेड बदलून तासभर पाहत बसलो. ती अक्षरं परत आली नाहीत. पॉलिशला लागले होते पन्नास रुपये.

म्हणून नियम एकच: चिंच नाही, राख नाही, रांगोळी नाही, टूथपेस्ट नाही, पॉलिश नाही. काळपट थर चांदीला इजा करत नाही आणि जाणकाराला तोच थर हवा असतो. धूळ असेल तर कोरड्या, मऊ, धुतलेल्या सुती कापडानं टिपून घ्या, घासू नका. कडी हलत असेल तरी झाळून घेऊ नका. जुनी फीत विरली असली तरी ती फेकू नका, वेगळ्या पाकिटात जपून ठेवा.

जतन: वर्षाला शे-दोनशे रुपये

परतवाडा सागवानाचं गाव. साहजिकच पहिला विचार सागवानी पेटीचा येतो. पेटी जरूर करा, पण पदक लाकडावर उघडं ठेवू नका. ताजं लाकूड आणि ताजं पॉलिश यांतून निघणाऱ्या वाफांचा धातूवर परिणाम होतो. लोकर, लोकरीचं बनात, रबर आणि वर्तमानपत्राचा कागद यांनी चांदी लवकर काळी पडते. आधी स्वच्छ पॉलिस्टरचं पाकीट, मग धुतलेलं पांढरं सुती कापड, मग पेटी. पीव्हीसीचं चिकट वास येणारं पाकीट टाळा.

आपल्याकडे पावसाळ्यात, विशेषतः मेळघाटाच्या पायथ्याशी, घरातल्या भिंतींनाही ओल येते. सिलिका जेलच्या पुड्या जूनमध्ये ठेवा आणि रंग बदलला की बदला. दिवाळीत एकदा पेटी उघडा, नवे फोटो घ्या आणि मागच्या वर्षीच्या फोटोंशी ताडून पाहा. एवढं पुरतं.

लॉकर आणि विमा

लॉकरचा खर्च वर आलाच. एक बाब मात्र पुष्कळांना माहीत नसते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे लॉकरमधली वस्तू गेली, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच असते. भाडं १,५०० रुपये, तर जास्तीत जास्त दीड लाख. लॉकरमध्ये काय आहे, हे बँकेला माहीत नसतं आणि बँक त्याचा विमाही उतरवत नाही.

घराच्या विम्यात मौल्यवान वस्तूंसाठी ठरवून मान्य केलेल्या किमतीचं संरक्षण जोडून घेता येतं. एजंटाला दोनच प्रश्न विचारा: चोरीचं कलम यात आहे की वेगळं घ्यावं लागेल? आणि किमतीचा दाखला कुणाचा चालेल? उत्तर लेखी घ्या. फक्त महायुद्धाचं पदक असेल, तर नुसत्या त्याच्यासाठी लॉकर घेण्याची गरज नाही. घरात दागिन्यांसाठी लॉकर असेल, तर त्यातच पदक ठेवा.

कायदा: तीन गोष्टी पाठ करा

एक. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू देशाबाहेर नेण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा त्यानं नेमलेल्या संस्थेला आहे. खासगी माणसानं नेली तर किमान सहा महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, शिवाय दंड. १८५१ चं पदक यात सरळ येतं, आणि पहिल्या महायुद्धाची पदकंही आता शंभरी ओलांडत आहेत. लंडनला पोस्टानं पाठवणं, परदेशातल्या भाच्याच्या बॅगेत देणं, दोन्ही निर्यातच. तिथले पौंडांतले आकडे वाचून हुरळून जाऊ नका. ते भाव आधीच तिकडे असलेल्या पदकांचे आहेत.

दोन. जमिनीत सापडलेली वस्तू आपली नसते. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ प्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू जमिनीत सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. सरकारनं ती घ्यायचं ठरवलं तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा एवढा मोबदला ठरतो. कळवलं नाही तर वाटाही जातो आणि शिक्षाही होते. अडगावच्या शिवारात नांगराला काही लागलं, तर हा कायदा लागू होतो.

तीन. गाविलगड हे केंद्रीय संरक्षित स्मारक आहे आणि भोवती मेळघाटचं व्याघ्र प्रकल्पाचं जंगल. तिथं मेटल डिटेक्टर घेऊन जाणं, उकरणं, सापडलेली गोळी किंवा नाणं खिशात घालणं गुन्हा आहे. काही दिसलं तर फोटो घ्या, जागा लक्षात ठेवा आणि तिथल्या पहारेकऱ्याला किंवा पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला कळवा. गडावर कुणी 'लढाईतलं पदक' विकायला आलं तर मुळीच घेऊ नका. पदक १८५१ चं, लढाई १८०३ ची. लढाईत पडलेलं पदक तटाखाली सापडणं शक्यच नाही.

विकायचंच असेल तर

भारतातल्या भारतात, ओळख पटवून, पावती देऊन विकता येतं. पुरावशेषांचा व्यवसाय करणाऱ्याकडे परवाना लागतो. घेणारा दुकानदार असेल तर परवाना पाहा. लिलावात द्यायचं तर आधी या चार गोष्टी लेखी घ्या: विक्रेत्याकडून घ्यायचं कमिशन, फोटो आणि सूचीचा खर्च, वस्तू विकली गेली नाही तर परतीचा खर्च, आणि किमान बोली किती. समजा बोली ४०,००० ला थांबली आणि कमिशन १५ टक्के, तर ६,००० गेले. त्यावर कर आणि पाठवणी. हातात किती येणार, हे आधी कागदावर मांडा. आयकराचं सीएला विचारा. वारशानं आलेल्या वस्तूचा हिशेब वेगळा होतो.

एक विनंती मात्र आहे. विकण्यापूर्वी त्याच घराण्यातल्या भावकीला एकदा विचारा. ते नाव त्यांच्याही पणजोबांचं असतं.

विकत घ्यायचं असेल तर

गाविलगडाची पट्टी परत वऱ्हाडात यावी, असं वाटणारी माणसं मला भेटतात. इच्छा चांगली आहे. हिशेब असा करा: बोलीची रक्कम, त्यावर लिलावघराचं खरेदीदाराचं कमिशन, मग विमा आणि पाठवणी, मग इथलं सीमाशुल्क आणि जीएसटी, आणि बँकेचं विनिमय शुल्क. बोलीचा आकडा हा शेवटचा आकडा नव्हे. शिवाय इथं आलेलं पदक पुन्हा परदेशी विकता येणार नाही, हे गृहीत धरूनच पैसे घाला. एकट्याला जड असेल तर चार जणांनी मिळून घ्या आणि संग्रहालयाला द्या. अचलपूर-परतवाड्यातल्या मुलांना ते काचेआड पाहता येईल.

वारसा: साधा कागद पुरतो

पदक कुणाकडे जावं, यावरून भांडणं होतात. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. साध्या कागदावर लिहा, पदकाचं वर्णन आणि कडेवरची अक्षरं घाला, सही करा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. नोंदणी ऐच्छिक आहे. पदक एकाकडे गेलं तरी फोटो आणि टिपणाची प्रत प्रत्येक भावाबहिणीला द्या. झेरॉक्सला लागतील वीस-तीस रुपये.

त्या सकाळी आबाजींच्या नातवानं मोबाइलवर कडेचे फोटो काढले आणि आजोबांनी सांगितलं ते वहीच्या पानावर उतरवून घेतलं: गाव, खापरपणजोबांचं नाव, ते परत आले तेव्हा कुणाचं लग्न होतं. पदक रुमालातून निघून सुती कापडात गेलं. आबाजी निघताना सराफाला म्हणाले, "किती झाले तुमचे?" त्यानं हात जोडले. वजनाचे पैसे तो घेत नाही.